गर्भारपणातला ताप: गोळीच्या आधी तारीख लिहा

जुलै-ऑगस्टात ठाण्यातल्या कुठल्याही दवाखान्यात अर्धा तास बसा, ‘व्हायरल आहे, तीन दिवसांत उतरेल’ हे वाक्य दोन-तीनदा तरी कानावर पडेल. एरवी ते बहुतेकांच्या बाबतीत खरंही ठरतं. पण बाई गर्भवती किंवा ओली बाळंतीण असेल तर हेच तीन दिवस महागात पडू शकतात. विषाणूंवर औषधं मुळात कमी, आणि जी आहेत ती ठरावीक मुदतीत दिली तरच कामाची. फ्लूची गोळी ४८ तासांत. कांजिण्यांची गोळी पुरळ दिसल्यापासून २४ तासांत. कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आल्यावरचं इंजेक्शन १० दिवसांत. बाळाची हिपॅटायटिस बीची पहिली लस जन्मापासून २४ तासांत. डेंग्यूचं तर उलटंच, तिथे खरा धोका ताप उतरल्यावर सुरू होतो. म्हणून ताप आला की पहिलं काम तारीख आणि वेळ लिहून ठेवण्याचं.

वहीचं एक पान

तपासणीच्या फाइलमध्येच एक पातळ वही ठेवा. पान असं दिसलं पाहिजे:

२९ वा आठवडा. १४ जुलै, रात्री ९: थंडी वाजून ताप, १०१.६. पॅरासिटामॉल ६५० ची एक.
१५ जुलै, पहाटे ४: १००.८. लघवी एकदाच, गडद. बाळ हलतंय.
१५ जुलै, सकाळी ८: डोळ्यांच्या मागे दुखतंय, दोन उलट्या. पेज घेतली, राहिली.

एवढ्या तीन ओळींवरून कोणती तपासणी आज करायची आणि कोणती सहाव्या दिवसासाठी राखायची, हे डॉक्टरांना ठरवता येतं. ‘परवापासून कणकण वाटतेय’ यावरून ते ठरत नाही. आणि आठवडेच लिहा. घरात ‘सहावा सरला, सातवा लागला’ असं मोजतात, पण औषधांचे नियम शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेल्या आठवड्यांवर चालतात.

थर्मामीटर डिजिटल घ्या आणि जिभेखाली लावा. गरम चहा घेतला असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबून मग. काखेत लावलात तर आकडा अर्धा ते एक डिग्री कमी दिसतो, त्यामुळे ‘काखेत’ असं शेजारी लिहा. १००.४ किंवा त्यावर गेला की तो ताप.

‘पोटात बाळ आहे, औषध नको’ म्हणून ताप अंगावर काढणं चूक आहे. विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत जोराचा ताप बाळाच्या मेंदू-मणक्याच्या घडणीला बाधू शकतो. पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाहीत. सोबत साध्या पाण्याने अंग पुसायचं, बर्फाच्या नाही. इथे एक चूक नेहमी होते: सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं. ताप म्हणून एक आणि सर्दी म्हणून दुसरी घेतली की नकळत दुप्पट होतं. पाकिटामागचं नाव वाचा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड आणि ताप-अंगदुखीच्या ‘जोड’ गोळ्या घरातल्या डब्यातून काढून वेगळ्या ठेवा. मेडिकलवाल्याने ‘ही लवकर उतरवते’ म्हणून दिली तरी नको.

पावसाळ्यात ताप म्हणजे विषाणूच असं धरून चालायचं नाही. आपल्याकडे मलेरिया आहे, लेप्टो (तुंबलेल्या पाण्यातून होणारा जिवाणूंचा ताप) आहे. तुंबलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट पाहू नका. मलेरियाची तपासणी पहिल्याच दिवशी मागून घ्या.

डेंग्यू: ताप गेला, आता सांभाळा

डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत उतरतो. घरातले सुटकेचा श्वास सोडतात, बाई उठून ओट्याशी उभी राहते आणि नेमके पुढचे २४ ते ४८ तास सगळ्यात वाईट असतात. रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपायला लागतं, रक्त घट्ट होतं, दाब पडतो. गर्भारपणात हे ओळखणं आणखी अवघड जातं. एरवीच नाडी थोडी जलद आणि रक्तदाब थोडा कमी असतो, शिवाय रक्त मुळातच पातळ झालेलं असतं. त्यामुळे रक्त घट्ट झाल्याचं दाखवणारा हिमॅटोक्रिटचा आकडा वाढूनही ‘नॉर्मल’ वाटू शकतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशीचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) म्हणूनच हवा. पुढचे आकडे त्याच्याशी ताडून बघता येतात.

तपासण्यांचा क्रम असा. पहिल्या पाच दिवसांत एनएस१, ती रक्तात डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधते. पाचव्या दिवसानंतर आयजीएम, ती नुकत्या संसर्गाची प्रतिकारद्रव्यं शोधते. एनएस१ पहिल्या दिवशी निगेटिव्ह आला म्हणजे डेंग्यू नाही असं नव्हे. सीबीसी तिसऱ्या दिवसापासून रोज, आणि ताप उतरल्यावरही दोन दिवस. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. लॅब बदलली की प्लेटलेटचे आकडे इकडेतिकडे होतात आणि घाबरायला नको तिथे घाबरायला होतं.

सगळे प्लेटलेटच बघत बसतात. खरं तर आधी बघायचं ते पोट आणि लघवी. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा अंगावरून रक्त, काळी शी, एकदम गळून जाणं किंवा उलट अस्वस्थ तळमळ, हात-पाय गार पडणं, सहा तासांत लघवी न होणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तरी तसंच. २८ आठवड्यांनंतर डाव्या कुशीवर पडून मोजा, दोन तासांत दहा हालचाली भरायला हव्यात.

गर्भवतीला डेंग्यू निघाला तर दाखल होणंच बरं, लक्षणं हलकी असली तरी. दाखल होईपर्यंत ओआरएस, शहाळं, ताक, पेज थोडं थोडं चालू ठेवा. पपईच्या पानांचा रस गर्भारपणात देऊ नका. त्याने रोगाचा मार्ग बदलत नाही, उलटी मात्र वाढते आणि पोटात जायला हवं ते पाणीही टिकत नाही. रक्तदाब वाढू नये म्हणून रोज रात्री कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन चालू असेल, किंवा रक्त पातळ ठेवणारी पोटावरची इंजेक्शनं चालू असतील, तर तापाच्या पहिल्याच फोनवर हे सांगा. फाइलच्या तिसऱ्या पानावर असलेली ती गोळी तापाच्या गडबडीत कुणाला आठवत नाही.

प्रसूती ऐन धोक्याच्या दिवसांत आली तर रक्तस्रावाची भीती असते. सिझेरियन पुढे ढकलता येत असेल तर डॉक्टर ढकलतात. नसेल, तर प्लेटलेट साधारण ५० हजारांच्या वर असाव्यात अशी तयारी ठेवतात. म्हणून रक्तपेढी आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आवारात असलेलं हॉस्पिटल आधीच हेरून ठेवा. सरकारी-महापालिकेच्या बाजूला ठाण्यात सिव्हिल आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय, नेरुळचं माँसाहेब मीनाताई ठाकरे आणि ऐरोलीचं राजमाता जिजाऊ रुग्णालय. या सोयी सध्या तिथे चालू आहेत का, हे सातव्या महिन्यात जाऊन विचारून या, कळा सुरू झाल्यावर नाही. घोडबंदर रोडला राहत असाल तर पावसातल्या संध्याकाळचा दीड तास हिशोबात धरा. गाडी नसेल तर १०८, आणि गर्भवती-बाळंतिणीसाठी १०२.

बाळंतपणाच्या आसपासच्या दिवसांत आईला डेंग्यू किंवा चिकनगुनिया झाला असेल तर बाळालाही होऊ शकतो. बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं आणि काही दिवसांनी तापतं. बालरोगतज्ज्ञाला आईच्या तापाची तारीख सांगा आणि बाळाला निरीक्षणाखाली ठेवायला सांगा.

झिकाचा डास तोच. २०२४ साली पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि त्यांत गर्भवतीही होत्या. आईला त्रास किरकोळ होतो, पण बाळाचं डोकं लहान राहण्याचा धोका असतो. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो, त्यामुळे जवळपास रुग्ण असतील तर गर्भारपणभर कंडोम वापरा.

हा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. सोसायटी धूरफवारणी करून घेते आणि सगळे निश्चिंत होतात. धुराने उडते डास मरतात, अळ्या राहतात. घरातली फेरी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी मारा: कुंड्यांखालच्या ताटल्या, बाटलीतला मनीप्लांट, एसीच्या पाण्याखाली ठेवलेली बादली, डक्टमध्ये पडलेले डबे. आणि फ्रिजच्या मागे, तळाशी असलेली पाणी साचायची ट्रे. ती बहुतेकांना माहीतच नसते. फ्रिज पुढे ओढून ती बाहेर काढा, नुसती ओतू नका, आतून घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. डास पळवणारं, डीईईटी असलेलं मलम पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गर्भारपणात चालतं, फक्त उघड्या कातडीवर, कपड्यांच्या आत नाही.

पाणी आणि कावीळ

गर्भारपणात सगळ्यात जास्त धाक असावा तो हिपॅटायटिस ईचा. एरवी महिनाभरात बरी होणारी ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २० ते २५ टक्के बायका दगावू शकतात. ती येते सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून.

मिसळतं कसं ते बघा. पाणी ठरलेल्या वेळी येतं, बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपाला शेजारच्या गटाराजवळ बारीक चीर असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून शटडाऊननंतर येणारं पहिलं पाणी सगळ्यात वाईट. ते गढूळ असो वा नसो, पहिली दहा-पंधरा मिनिटं प्यायला भरू नका. दुसरी जागा सोसायटीची जमिनीखालची टाकी. तिचं झाकण आणि ड्रेनेजचं चेंबर यांत अंतर किती आहे हे एकदा खाली उतरून स्वतः बघा. पावसाचं पाणी झाकणावरून वाहत असेल तर वरच्या मजल्यावर प्युरिफायर कितीही भारी असला तरी तुमचं पाणी त्याच टाकीतून येतं. सेक्रेटरीला लेखी पत्र द्या आणि महापालिकेकडे ओटी टेस्ट मागा. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. रंगच आला नाही तर क्लोरीन उरलेलं नाही.

घरात पाणी खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा. त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या, हंड्यात ओतलं की हंड्याची घाण आली. काढायला लांब दांड्याचं ओगराळं. तांब्या बुडवला की बोटं बुडाली आणि सगळी मेहनत वाया. दात घासायला आणि लिंबू सरबतालाही हेच पाणी. स्टेशनबाहेरची कापलेली फळं, बर्फ घातलेला उसाचा रस आणि पाणीपुरी नऊ महिने राहू द्या.

लघवी कडक चहासारखी, डोळे पिवळे, अन्नाचा वास नकोसा, सतत मळमळ असं दिसलं की त्याच दिवशी रक्त द्या: बिलिरुबिन, एसजीपीटी, पीटी-आयएनआर, प्लेटलेट, साखर, हिपॅटायटिस ई आयजीएम आणि एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची तपासणी). यातली पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी, गाळू नका. यकृत किती कोलमडलंय ते बिलिरुबिनपेक्षा ती जास्त खरं सांगते. घाई एवढ्यासाठी, की शेवटच्या महिन्यांतली प्रत्येक कावीळ विषाणूची नसते. गर्भारपणामुळेच यकृत बिघडण्याचे प्रकार आहेत आणि त्यांत उपाय एकच, बाळ लवकर बाहेर काढणं. ‘काविळीचं औषध’ देणाऱ्याकडे नेऊन, माळ घालून, नाकात थेंब टाकून चार दिवस गेले तर हा फरक कळायची वेळच निघून जाते. बाई असंबद्ध बोलायला लागली, दिवसा झोपून राहायला लागली, तर तो अशक्तपणा नव्हे. थेट अतिदक्षता विभाग.

कांजिण्या

पहिला प्रश्न: लहानपणी झाल्या होत्या का? आईला, मावशीला विचारा आणि वहीत लिहा. झाल्या असतील तर बहुधा काळजी नाही. नसतील किंवा कुणालाच आठवत नसेल, आणि शेजारचं मूल, पुतण्या, शाळेत शिकवत असाल तर वर्गातलं कुणी फोडांनी भरलं असेल, तर त्याच्यासोबत एका खोलीत पंधरा मिनिटं बसलात हाही संपर्क धरतात. फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते मूल रोग पसरवत असतं. म्हणून ‘तेव्हा तर ठीक होता’ याला अर्थ नाही.

संपर्काची तारीख लिहा आणि व्हॅरिसेला (कांजिण्या) आयजीजी, म्हणजे जुन्या प्रतिकारद्रव्यांची रक्ततपासणी, करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर तुम्ही सुरक्षित. निगेटिव्ह आली तर दहा दिवसांच्या आत व्हॅरिसेला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिकारद्रव्यांचं इंजेक्शन. ते चटकन मिळत नाही. न मिळाल्यास संपर्काच्या सातव्या दिवसापासून अ‍ॅसायक्लोविर ही कांजिण्यांची गोळी देण्याचा पर्याय आहे, तो डॉक्टर ठरवतील. त्यासाठी तरी तारीख हवीच.

फोड आलेच तर त्याच दिवशी फोन करा, पण सांगून जा. गर्भवतींनी भरलेल्या ओपीडीत जाऊन बसू नका. अ‍ॅसायक्लोविर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा सात दिवस असा नेहमीचा डोस असतो आणि पहिल्या २४ तासांत सुरू झाला तरच खरा उपयोग. घरात ‘देवी आली आहे, गोळ्या नकोत’ असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायला काहीच हरकत नाही, गोळीही चालू ठेवा. खोकला, दम, छातीत दुखणं सुरू झालं तर तो कांजिण्यांचा न्यूमोनिया असू शकतो आणि गर्भारपणात तो जिवावर बेततो.

सगळ्यात वाईट काळ म्हणजे प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत. तेव्हा आईच्या अंगावर पुरळ आलं तर विषाणू बाळापर्यंत पोहोचतो, आईची प्रतिकारद्रव्यं पोहोचायला वेळ मिळत नाही. अशा बाळाला इम्युनोग्लोब्युलिन लागतं.

फ्लू आणि लसी

ताप, कोरडा खोकला, घसा, अंग मोडून येणं. गर्भवतीला फ्लूची शंका आली तर रिपोर्टची वाट न बघता ऑसेल्टामिविर ही फ्लूची गोळी सुरू करतात, ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस. ४८ तास उलटले असले तरी दम लागत असेल तर देतातच. ऑक्सिमीटरवर ९५ च्या खाली आकडा म्हणजे हॉस्पिटल.

लसींत फ्लूची टोचायची लस गर्भारपणात चालते, नाकात फवारायची नाही. धनुर्वात-घटसर्पाची टीडी सरकारी केंद्रात मिळते. डांग्या खोकल्याचं संरक्षण असलेली टीडॅप घ्यायची असेल तर २७ ते ३६ आठवड्यांत. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत विषाणूंच्या असतात, त्या गर्भारपणात नाहीत. कळायच्या आधी चुकून घेतली गेली तर घाबरून गर्भपाताचा विचार करू नका, डॉक्टरांना सांगा.

टॉर्चबद्दल

एखादा गर्भपात झाला की ‘टॉर्च’चा संच (बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या रक्ततपासण्या) लिहून दिला जातो, आयजीजी पॉझिटिव्ह येतो आणि महिनोन्‌महिने औषधं चालतात. आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ पूर्वी कधीतरी संसर्ग किंवा लस होऊन गेली, एवढाच. रुबेलाच्या बाबतीत तर ती चांगली बातमी आहे. सरसकट सगळ्यांनी हा संच करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ताप-पुरळ आलं, किंवा सोनोग्राफीत बाळात काही वेगळं दिसलं, तर नेमक्या त्या विषाणूची तपासणी करायची. रुबेला पहिल्या १२ आठवड्यांत झाला तर मात्र बाळाचे डोळे, कान आणि हृदय तिन्हींना धोका मोठा असतो. तिथे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या (फीटल मेडिसिनच्या) तज्ज्ञाला दाखवायलाच हवं.

त्या संचातल्या सायटोमेगॅलोविषाणूपासून वाचायचा उपाय मात्र फुकट आहे. तो लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत असतो. पहिलं मूल दोन-तीन वर्षांचं असेल तर त्याचं उष्टं खायचं थांबवा. वरणभाताचा उरलेला घास टाकवत नाही, हे खरं. तो दुसऱ्या कुणाला तरी संपवू द्या. शी-शू काढल्यावर साबणाने हात धुवा, पापी ओठांवर नको, कपाळावर घ्या.

फाइलच्या पहिल्या पानावरचे दोन रिपोर्ट

एचआयव्ही आणि एचबीएसएजी. दोन्ही पहिल्याच भेटीत होतात आणि मग फाइलमध्ये दबून जातात. डोहाळजेवण झालं, बाई सातारा-कोकणात माहेरी गेली, बाळंतपण तिकडच्या नर्सिंग होममध्ये झालं आणि ठाण्याचा रिपोर्ट ठाण्यातच राहिला, हे फार वेळा होतं. मूळ प्रत सोबत, मोबाइलमध्ये फोटो, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लाल पेनाने नोंद.

हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल तर विषाणूचं प्रमाण मोजा. ते दर मिलिलिटरला दोन लाख आंतरराष्ट्रीय एककांच्या वर असेल तर २८ व्या आठवड्यापासून टेनोफोविर ही विषाणूवरची गोळी देतात. ही औषधं राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. बाळाला जन्मल्यावर दोन इंजेक्शनं: लस २४ तासांच्या आत आणि इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो १२ तासांच्या आत, दोन वेगवेगळ्या मांड्यांत. अडतं ते या दुसऱ्यावर. ते महाग असतं, प्रत्येक ठिकाणी ठेवलेलं नसतं, आणि रविवारी रात्री बाळ झालं तर नातेवाईक मेडिकल पालथी घालत फिरतात. नवव्या महिन्यात विचारून आणून ठेवा, २ ते ८ अंश तापमानात. फ्रीजरमध्ये नाही. अंगावरचं दूध पाजायला हरकत नाही.

एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीमध्ये (सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत होते, निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. उपचाराशिवाय बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के, उपचारांनी ५ टक्क्यांच्या खाली येतं. रोजची गोळी एकही दिवस चुकवायची नाही, प्रसूतीनंतरही नाही. बाळाला किमान सहा आठवडे औषध, सहाव्या आठवड्यात त्याची पहिली तपासणी. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं दूध मिसळायचं नाही. शंका असल्यास १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. रिपोर्ट राहिले असतील तर तो दिवस धरा.

कुत्रा चावला तर

रेबीजही विषाणूच, आणि ‘पोटात बाळ आहे, पाच इंजेक्शनं कशी घेऊ’ म्हणून थांबणाऱ्या बायका असतात. लस गर्भारपणात आणि दूध पाजतानाही सुरक्षित आहे, न घेणं जिवावरचं आहे. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना काही भरू नका. त्याच दिवशी पहिला डोस. कातडीत देत असतील तर ०, ३, ७, २८ या दिवशी, दंडात स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४, २८. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही.

ओल्या बाळंतिणीचा ताप

इथे नियम उलटा. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत १००.४ च्या वर ताप गेला तर आधी ‘व्हायरल’ म्हणायचंच नाही. गर्भाशयातला संसर्ग, टाके, लघवी आणि स्तन ही चार ठिकाणं तपासून झाल्यावरच ते म्हणायचं. अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, ओटीपोटात दुखणं, टाक्यांतून पाणी, लघवीला आग, स्तनावर लाल गरम गाठ हे सगळं वहीत लिहा. ‘दूध उतरल्याचा ताप’, ‘वारं लागलं’ ही नावं घरात सहज दिली जातात. दूध भरल्याने थोडं कोमट होतं, पण १०१ आणि थंडी म्हणजे दूध नव्हे.

खरोखर फ्लू किंवा साधी सर्दी असली तर दूध बंद करू नका. आजाराशी लढणारी द्रव्यं दुधातूनच बाळाला मिळतात. पाजण्याआधी साबणाने हात, तोंडावर मास्क, पाजून झालं की बाळ दुसऱ्याच्या हातात. वन-रूम-किचन असेल तर वेगळी खोली कुठून आणणार? खिडकी उघडी ठेवा आणि बाळाचं अंथरूण आईच्या उशाकडे नाही, पायांकडे घाला. फार थकवा असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. बोंडलं दर वेळी उकळा. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजच्या आतल्या भागात चार दिवस टिकतं, दारात ठेवू नका.

खोली बंद करून शेगडी आणि धुरी हा प्रकार खोकला असताना तरी थांबवा. वावडिंग-ओव्याचा असला तरी तो धूरच. मालीशवाल्या बाई दिवसाला चार-पाच घरं करतात, त्यांना खोकला असेल तर पाच-सहा दिवस सुट्टी द्या, पगार कापू नका, नाहीतर त्या सांगणार नाहीत. बारशाला येणाऱ्यांपैकी कुणाच्या ओठावर फोड उठलेले असतील तर बाळाची पापी अजिबात नाही. तो हर्पीस असू शकतो आणि नवजाताच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आईच्याच स्तनावर तसे फोड असतील तर त्या बाजूचं दूध पाजू नका, काढून टाका, दुसरी बाजू चालू ठेवा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर घरी थेंब पाजून बघायचं नाही. थेट हॉस्पिटल.

रुबेला किंवा कांजिण्यांची प्रतिकारशक्ती नव्हती असं गर्भारपणात कळलं असेल तर लस आता घ्या, दूध पाजत असलात तरी चालते. कांजिण्यांचे दोन डोस, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने. शेवटच्या डोसनंतर किमान महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, म्हणजे गर्भनिरोधकाचं आधी ठरवा. तुमची सहाव्या आठवड्याची तपासणी आणि बाळाची सहाव्या आठवड्याची इंजेक्शनं एकाच सुमारास येतात, दोन्ही एका फेरीत होतात. आणि आई हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल तर आजच वहीत पुढची तारीख टाका: बाळाला नऊ महिने पूर्ण होतील तो दिवस. गोवर-रुबेलाची लस त्याच वेळी असते, तेव्हाच बाळाचं रक्त देऊन एचबीएसएजी आणि प्रतिकारद्रव्यं बघून घ्या.